दुखवट्याचं धोतर

नव्या कोऱ्या धोतराला पाणी शोषता येत नाही, हे ज्ञान मला सासऱ्यांच्या तेरवीच्या दिवशी, हिंगणघाटहून समुद्रपूरला जाणाऱ्या एस.टी.च्या मागच्या बाकावर मिळालं. ज्ञान कुठं मिळावं हे आपल्या हातात नसतं. माझ्या मांडीवर चार महिन्यांची लेक होती, आणि ते ज्ञान टेरिकॉटच्या पँटमधून झिरपत माझ्या मोज्यापर्यंत पोचलं होतं.

पण आधी माझ्या रुसव्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आदल्या उन्हाळ्यात माझ्या साळ्याचं, वासुदेवचं लग्न झालं. मी त्या घरचा एकुलता एक जावई. वर्ध्याला कचेरीत कारकून, टेबलाला दोन खण, त्यातल्या एकाला कुलूप! अशा माणसाला अहेरात काय मिळावं? टॉवेल-टोपी! आणि शेजारी बसलेल्या नवरीच्या मावसोबाला चांगली धोतरजोडी! (मी धोतर नेसत नाही, हा मुद्दा त्या वेळी कुणी काढला नाही, मीही नाही.) मी तो पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल आणि टोपी पाटावरच ठेवली, "जावई होय का गडी होय?" असं मांडवभर ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं, आणि पाच महिन्यांच्या पोटुशा बायकोला घेऊन पंगतीआधीच निघालो. सासरे एस.टी.पर्यंत मागं मागं आले. "जावईबापू, चुकलं आमचं, जेवून त जा," म्हणत राहिले. मी खिडकीची काच लावून घेतली.

घरी आल्यावर वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या आमच्या सगळ्या गल्लीला मी माझ्या अपमानाची गोष्ट सांगितली. शेजारचे भोयर मास्तर तर ती गोष्ट इतकी चवीनं ऐकायचे, की दर आठ-पंधरा दिवसांनी भिंतीवरून मान काढून विचारायचे, "काय जी, साळ्यानं मान केला का नाई मंग?" मी म्हणायचो, "नाई नं! येऊन पाय धरल्याशिवाय मी उंबरा चढत नाई!"

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही मी होऊ दिलं नाही. मानाचा प्रश्न होता! नंदा वर्ध्यालाच झाली. दिवाळीत सासऱ्यांचा निरोप आला : कापूस वेचून झाला की येतो, नातीला पाहायला. पौष लागला, वेचणी संपत आली, आणि शेवटच्या वेच्याला ते वावरातच बसले ते उठले नाहीत.

निरोप आमच्यापर्यंत आला तो तिसऱ्या दिवशी. नंदाची छाती कफानं भरलेली, डॉक्टरांनी घराबाहेर काढू नका म्हणून बजावलेलं. कुसुमला बापाचं तोंडही दिसलं नाही. ती मोठ्यानं रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती लंगोटांच्या घड्या करत बसायची, आणि एकदा घडी करता करता म्हणाली, "वासुदेवनं मुद्दामच उशिरा कळवलं असंन का हो?"

"नाई गं. लांबचं गाव, कोन येईन सांगाले?"

"आई त पैलेच गेली. आता बाबाबी नाई. त्यानं तोंड फिरवलं त मले जायाले घर कोनतं राह्यलं?"

मान नावाची वस्तू एवढी जड असते, आणि ती आपली बायको उचलून चालत असते, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

आमच्याकडची रीत अशी, की तेरवीला जावयानं साळ्याला टोपी आणि धोतरजोडी द्यायची. तो दुखवटा अंगावर आला की पोरगा दुःखातून उठला. मी बाजारातली सगळ्यात भारी जोडी घेतली. कांजी अशी कडक, की धोतर पिशवीत उभं राहायचं. दोन्ही पानं अजून मध्ये जोडलेली, न फाडलेली. कुसुमनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे देतांनी नीट बोलजा. त्यानं घेतलं म्हंजे झालं." म्हणजे तिचं माहेर आता त्या वायरच्या पिशवीत होतं, आणि पिशवी माझ्या हातात होती.

माझ्या आईनं जुन्या पांढऱ्या चादरी फाडून नंदासाठी लंगोट केले होते. ढीगभर घेतले. पण त्या दिवशी आभाळ आलेलं, हवा बोचरी, आणि थंडीत तान्हं पोर काय करतं हे ज्याच्या मांडीवर असतं त्यालाच माहीत! हिंगणघाट येईस्तोवर ढीग संपला. मी स्टँडवरच्या नळावर सगळे लंगोट धुतले आणि कचेरीतल्या फायली बांधायच्या लाल नाडीत ओवून एस.टी.च्या खिडकीच्या गजांना बाहेरून बांधले.

"पडतीन," कुसुम म्हणाली.

"अवो, जिंदगीभर फायली बांधल्या मी! माही गाठ सुटत नाई."

गाव सोडलं आणि गाडी थांबली. समोरून कापसाच्या बैलबंड्यांची रांग बाजाराकडे निघालेली, रस्ता अरुंद, एकेक बंडी एस.टी.ला घासून पुढं सरकत होती. कापूस वर मनोऱ्यासारखा रचलेला. एका बंडीच्या बैलानं सहज मान हलवली, आणि त्याच्या शिंगात माझी नाडी अडकली. बैलानं झटका दिला. गाठ सुटली नाही, माझा शब्द खरा ठरला! नाडीच तुटली. एक लंगोट बैलाच्या शिंगावर राहिला आणि बाकीची सगळी माळ उडून मागच्या बंडीतल्या कापसात पडली.

"ओ साहेब! काय फेकलं माह्या कापसात?" मागचा बंडीवाला ओरडला.

"लंगोट हायेत जी, पोरीचे."

"वले हायेत का?"

"आताच धुतले, स्वच्छ हायेत!"

"धुतले म्हंजे वलेच नं! कापूस भिजला त भाव कोन देईन मले, तुमची पोट्टी?"

मी खाली उतरून बंडीवर चढलो. पांढऱ्या कापसात पांढरे लंगोट शोधणं हे काम जगात कुणालाही सांगू नये. कोपरापर्यंत हात घालून उपसलं तेव्हा एक हाताला लागला, तोही बोंडाच्या सालींनी भरलेला. तेवढ्यात ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कंडक्टर दारातून म्हणाला, "साहेब, येता, का बाजारात जाऊन तुमीबी मोजून घेता?" मी धावत चढलो. पुढच्या बंडीवाल्यानं बैलाच्या शिंगावरचा लंगोट पाहिला आणि हात हलवून ओरडला, "राहू द्या जी! पोळ्याले कामी येईन!" आमच्या नंदाचे बाकीचे लंगोट सरकी काढून, पिंजून, गाठीत बांधले जाऊन कुठं गेले कोण जाणे. कुणाच्या तरी धोतरातून परत आले असतील.

अंगावरचा एकुलता एक लंगोट पुढच्या फाट्यालाच भिजला. कुसुमनं पदर लावला, तो गेला. माझा रुमाल गेला. मग मी माझा लोकरीचा मफलर गुंडाळला, तर तो टोचून नंदानं असा टाहो फोडला, की तेरवीला निघालेले आम्हीच आहोत हे सगळ्या गाडीला कळलं असावं. कफातून नुकती उठलेली पोर, ओली, आणि खिडकीतून येणारा तो गार वारा.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी होती. ती म्हणाली, "अरे बाबू, पोट्टी काकडून राह्यली. थ्या पिशवीत काय हाय?"

"धोतर हाय, आजी. नवीन."

"मंग पाहून काय राह्यला? फाड!"

मी कुसुमकडे पाहिलं. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "एकच पान घ्या." मी जोडी मधून फाडली. टर्रर्र! सगळ्या गाडीनं माना वळवल्या.

म्हातारीनं विचारलं, "कोनासाठी घेतलं होतं रे?"

"साळ्यासाठी. दुखवट्याचं."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! दुखवट्याचं फाडलं? आन् मले सांगतलं नाई?"

"तुमीच त म्हनलं, फाड!"

"मी धोतर फाड म्हनलं, दुखवटा नाई!"

आता फाडलंच होतं, तर निदान उपयोग तरी व्हायला हवा होता. पण कडक कांजीचं ते कापड पन्हाळीसारखं निघालं! वरून पडलेलं सगळं गोळा करून इमानदारीनं माझ्या मांडीवर सोडायचं. मी तुकडा बदलायचो, पुढचा तुकडाही तेच करायचा. अख्खं पान संपलं. एक थेंब धोतरानं घेतला नाही, सगळे मी घेतले. "नवं कापड पानी पेत नाई बाबू," म्हातारी गंभीरपणे म्हणाली. (हे तिनं फाडायच्या आधी सांगितलं असतं तर!)

समुद्रपूरहून सासऱ्यांच्या गावापर्यंत पायी. मी पिशवी पोटाशी धरून चालत होतो, कारण पिशवीमागं पँट लपत होती. वाटेत कुसुम एकच वाक्य बोलली, "तुमी टॉवेल-टोपीवर रुसले होते." मी म्हटलं, "हो."

अंगणात सोयरे जमलेले. मध्ये पाटावर वासुदेव, डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला. बहिणीला पाहून तो उठला नाही, पाटावरून उठायचं नसतं म्हणून, की दुसऱ्या कशामुळं, ते कळेना. कुसुम पोरीला घेऊन खांबाशी उभी राहिली. तिचं लक्ष वासुदेवकडे नव्हतं, माझ्या हातातल्या पिशवीकडे होतं.

माझी पाळी आली. मी टोपी काढली, ती शाबूत होती. वासुदेवच्या डोक्यावर ठेवली. मग धोतर काढलं आणि फाटलेली बाजू आत दाबून त्याच्या हातात दिलं. पण त्याचे चुलते आडवे आले. ते कापडाचे जाणकार! त्यांनी घडी उलगडली, काठ पाहिला, दोरे लोंबत होते.

"हे त एकच पान हाय. दुसरं कुठं गेलं जी, जावईबापू?"

सगळं अंगण माझ्याकडे पाहू लागलं. त्यातले निम्मे लोक लग्नात होते. मी नीट बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "दुसरं नंदानं नेसलं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. वासुदेव हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, बाबा एस.टी.मागं पळाले होते त्या दिवशी. आल्यावर दोन दिवस जेवले नाई." मी मान खाली घातली. कुसुमला तेवढ्यात रडू फुटलं, तेरा दिवसांचं एकदम. तिच्या हातातली पोर घसरते की काय असं वाटलं, तसा वासुदेव पाट-बिट विसरून उठला आणि त्यानं भाचीला घेतलं. पहिल्यांदाच घेत होता. तिच्या कमरेला कडक धोतराचा शेवटचा तुकडा पुठ्ठ्यासारखा उभा होता. त्यानं तो पाहिला, चाचपला, आणि त्याचे डोळे भरले.

"हिनं नेसलं नं? मंग मले पोचलं," तो म्हणाला. मग कुसुमला म्हणाला, "काऊन गं, बाळंतपनाले आली नाई त आता तेरवीले तरी येशीन म्हनून वाट पाह्यत होतो मी. खोली झाडून ठेवली तुही."

आत जाऊन तो एक गाठोडं घेऊन आला. सासऱ्यांनी आपली जुनी धोतरं स्वतः फाडून लंगोट करून ठेवले होते. मऊ, धुवून धुवून दुधासारखे झालेले. तान्ह्या पोरीचं माप त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं प्रत्येक लंगोट एखाद्या पहिलवानाला बसेल एवढा! "कापूस निंगाला का घेऊन जातो, म्हने. रोज एक घडी घालून ठेवे," वासुदेव म्हणाला. कुसुमनं त्यातला एक तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली. मी दुसरीकडे पाहायला म्हणून गाठोड्यात पाहिलं, तर तळाशी काही लंगोट पट्ट्यापट्ट्यांचे.

मी ते पट्टे ओळखले.

"तुमी पाटावर ठेवून गेले नं, तोच टॉवेल," वासुदेव म्हणाला. "बाबा म्हने, जावयानं नाई घेतला त नातीले होईन."

कुसुमनं नेमका त्यातलाच एक नंदाला बांधला. नंदानं ताबडतोब आपलं काम केलं. एक थेंब बाहेर आला नाही.

माझी पँट त्या ढगाळ हवेत दुसऱ्या दिवशीही वाळली नाही. शेवटी वासुदेवनं दुखवट्याचं ते उरलेलं पान स्वतःच्या हातानं मला नेसवलं, आणि तेवढ्यावर थंडीत कुडकुडत मी वर्ध्याला परत आलो. साळ्याला द्यायला नेलेलं धोतर स्वतःच नेसून परत येणारा जावई आमच्या जिल्ह्यात दुसरा झाला नसावा.

सकाळी भोयर मास्तरांनी भिंतीवरून मान काढली. मला धोतरात पाहून त्यांचे डोळे विस्फारले.

"अरे वा! साळ्यानं मान केला वाटते या बारीनं!"

"केला नं," मी म्हटलं आणि अंगणातल्या दोरीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लंगोटांकडे बोट दाखवलं. "तो पाहा, वाळून राह्यला."