जीपचा मालक

कॉलेजला निघाले त्या सकाळी अप्पांनी माझी पत्र्याची पेटी जीपच्या मागच्या सीटवर ठेवली, आणि माय दारातून म्हणाली, "आज तरी पॅसेंजर कोंबू नगा. पोरगी जायलीय." ठाणाकुशनूरहून बिदरपर्यंत त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. पुढे मला गुलबर्ग्याची बस धरायची होती.

बिदरच्या अलीकडे तपासणीवाल्याने महाराष्ट्राचा नंबर बघून हात केला. अप्पा खाली उतरले. "मेव्हण्याची हाय साहेब, उदगीरची. पोरीला सोडायला आणलो." गाडीच्या पुस्तकात मामांचंच नाव होतं. त्याने सोडलं.

"अप्पा, गाडी तर आपली हाय की," मी म्हणाले.

"रस्त्यावर मामाची. घरी आपली." ते हसले, मीही हसले.

जीप मामांकडून पूर्ण किंमत देऊन घेतली होती. तिकडून ना-हरकत कागद आणून बिदरला नोंद करायची, विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा, असं अप्पा एकदा बोलले होते. त्यावर माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "सख्ख्या भावाकडून लिहून घ्यायलाव व्हय? कामून, इस्वास न्हाई?" आमच्याकडे बहीणभावात कागद मागणं म्हणजे तोंडावर अपमान. म्हणून नाव मामांचं राहिलं आणि विमाही मामांच्या नावावर. मामा तो दरवर्षी न चुकता भरत. विमा गाडीचा असतो, गाडी कुणाच्याही दारात उभी असो, असं आम्ही सगळेच समजत होतो.

गुलबर्ग्यात मी मेसचं टोकन, लायब्ररीचं कार्ड, असाइनमेंट असले शब्द शिकले. कानडीत भाजीचा भाव करू लागले. इंग्रजी वाचताना डिक्शनरी कमी लागू लागली, तेव्हा मी गावी पत्र लिहून ते कळवलंसुद्धा. अप्पांनी ते पत्र जीपमध्ये बसणाऱ्या अनोळखी माणसांनाही दाखवलं म्हणे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना चिंताकीच्या वळणावर जीपने शिवप्पा टेलरची सायकल उडवली. बिदरच्या दवाखान्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्यावरून काढला. ते पायाने मशीन चालवणारे. अप्पा रोज डबा घेऊन जायचे. शिवप्पांच्या बायकोला, महादेवी मावशीला, ते एकच सांगायचे, "विमा हाय, अक्का. तुमाला भरपाई मिळंल. मी कुटंबी पळून जायलो न्हाई."

विमा कंपनीचा फॉर्म मामा उदगीरहून घेऊन आले. इंग्रजीत होता. "कॉलेजची पोरगी घरात आस्ताना वकील कशाला?" म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. गाडीचा मालक कोण, चालवणाऱ्याशी त्याचं नातं काय, असं विचारलं होतं. मी अप्पांकडे पाहिलं.

"माजी हाय गाडी," अप्पा म्हणाले. "दोन वर्सं झाले घेऊन."

"व्हय, दाजीचीच," मामा म्हणाले. "मी कशाला नाही म्हणू?"

घरातली गोष्ट होती, सगळ्यांना ठाऊक होती. रस्त्यावरचं उत्तर मला आठवलं होतं. पण सरकारी वाटणाऱ्या कागदावर खोटं लिहिण्याची मला भीती वाटली. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं की ही जीप दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी विकत घेतली. मामांसाठी पेन्सिलने फुली केली, त्यांनी तिथे सही केली.

कंपनीचं उत्तर चार ओळींचं होतं. विमेदाराने न कळवता वाहन विकल्यामुळे विमा विक्रीच्या दिवशीच संपला होता. भरपाई देण्यास कंपनी बांधील नाही.

मी ते तीनदा वाचलं आणि मराठीत सांगितलं. मामा म्हणाले, "आगं, मग माजी म्हणून लिवायचं की." कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

अप्पांनी जीप विकून मिळालं ते शिवप्पांना दिलं. ते दवाखान्यातच संपलं. आता अप्पा औरादला दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. नवा मोटार कायदा येतोय, त्यात गाडीबरोबर विमाही आपोआप नव्या मालकाकडे जाईल, असं हॉस्टेलमधली लॉ करणारी मुलगी सांगते. मागच्या अपघाताला तो लागू होईल का, असं मी तिला विचारलं. नाही, ती म्हणाली.

मागच्या सुट्टीत महादेवी मावशी कोरा कागद घेऊन आली. वकिलाने तिला सांगितलं होतं की विक्रीचा दुसरा कुठलाच पुरावा नाही, फक्त तो फॉर्म आहे; तो चुकीचा ठरला तर भरपाई मिळू शकेल. "तू चुकून लिवलीस म्हण, पोरी. तुला विंग्रजी येत न्हाई म्हणून सांग. तुजंच अक्षर पायजे म्हंते वकील." अप्पा आणि माय तिथेच बसले होते. अप्पांनी मान वर केली नाही.

जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या तुम्हाला घर म्हणजे काय वाटतं ते मला माहीत नाही. मला वाटायचं, मी शिकेन आणि घराला पुढे नेईन. आता घर म्हणजे तीन माणसं माझ्या हाताकडे बघत बसलेली.

मी कागद पुढे ओढला. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे माझ्याकडून चुकीचा मजकूर लिहिला गेला, असं मी इंग्रजीत लिहिलं. एकही चूक होऊ दिली नाही. मग भीती वाटली, आणि दुसऱ्या कागदावर मी तेच पुन्हा लिहून काढलं, मुद्दाम चुका करत.