रुसलेलं शेत

अनुपमा सबनीस मूळची पुण्याची. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका गेम कंपनीत काल्पनिक माणसं रचायचं काम करायची. उंच डोंगरावर राहणारे थोरवी लोक तिनंच रचले. त्यांचा सुगीचा सण झुंबळ. कापणीआधी पिकाची माफी मागायची आणि मग शेताला पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी घरी यायचं.

गेम आपटला. खलास, म्हणून अनुपमानंही विषय सोडला.

तिच्या टॉवरमधल्या, तो गेम खेळलेल्या लोकांनी मात्र सोडला नव्हता. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ती लेकीला, मिहिकाला, घेऊन गच्चीवर गेली, तर शेजारीपाजारी कुंड्यांतली मेथी कापून उलटे चालत जेवणाच्या टेबलांकडे निघालेले. अनुपमा आपली सरळ चालत गेली. सगळे थिजले.

"मॅडम, शेताला पाठ?" दहाव्या मजल्यावरचा सुजीत ओरडला.

"अहो, हा सण मीच लिहिलाय!"

सुजीतला तिची कीव आली. शेजारच्या जहांआरा आपांनी तिचा हात धरला. "पहले साल सबको ऐसाच लगता है, बेटी."

"मम्मा, जस्ट से सॉरी टू द मेथी," मिहिका लाजून म्हणाली.

पण सॉरीवर भागणार नव्हतं. चुकणाऱ्यानं रुसलेलं शेत होऊन बसायचं आणि ते हसेपर्यंत कुणी जेवायचं नाही.

"हे मी कुठं लिहिलंय?"

"परंपरा आहे," सुजीत म्हणाला. "मागच्या वर्षापासूनची."

अनुपमाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर पुदिन्याची कुंडी दिली. मग एकेक जण येऊन मनधरणी करू लागला. आपांनी हनुवटी धरली. सुजीतनं गुडघे टेकून बेसूर गाणं म्हटलं. तिला हसू आवरेना. पण इथं आल्यापासून, घरी काय नि ऑफिसात काय, तिचा रुसवा काढायला कुणी आलंच नव्हतं. तिनं गाल आतून चावून धरले.

"राग गेला नाही अजून," ती गंभीरपणे म्हणाली. "शेताला आल्याचा चहा हवाय."

लोक खूश झाले. दोघं धावलेदेखील. मग थोरवींच्या शेताला चहात साखर चालते का, यावरून जोरदार वाद पेटला. अनुपमाला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.