गजलक्ष्मीचे डोळे

देवाचे डोळे शेवटी भरायचे, असा आमच्या दुकानाचा नियम आहे. दुकान माझं नाही. बारामतीत भिगवण रस्त्याच्या आतल्या एका बोळात ते आहे. पुढे फॉल, अस्तर, चेन, बटणं. मागच्या खोलीत लोकर, जाळीचा कॅनव्हास आणि सतरंजीवर सुया घेऊन बसलेल्या बायका. दुकानमालकीणबाईंना आम्ही सगळ्या काकू म्हणतो. इतकी वर्षं तिथं बसल्यामुळे मी त्याला आमचंच दुकान म्हणत आले. जिभेला लागलेली सवय आहे, जाता जात नाही.

चित्र कॅनव्हासवर छापलेलं असतं. जाळीच्या एकेका भोकातून लोकरीचा तिरका टाका घालत ते भरत जायचं. आधी कडा, मग आभाळ, मग साडी, दागिने, चेहरा आणि सगळ्यात शेवटी बुबुळं. त्या दिवशी काकू सगळ्यांना दुधाचा चहा करायच्या, कोणीतरी भेळ आणायचं, आणि बुबुळाचा शेवटचा टाका ओढला की सगळ्याजणी एका सुरात म्हणायच्या, "बघायला लागली गं!" देव असला तर "लागला." मग चित्र चौकटवाल्याकडे जायचं.

बुबुळं भरायला हात थरथरता चालत नाही. एक भोक इकडे तिकडे झालं की देव हसण्यावारी जातो. ते काम माझ्याकडे असायचं. विनय वगैरे कशाला करू, त्या खोलीत माझ्या तोडीचा हात कोणाचा नव्हता. गणपती, दत्त, अन्नपूर्णा, सगळ्यांचे डोळे मी भरले आणि आमच्या घरात देवाचं एकही चित्र नाही. आम्ही डाळजचे बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक त्यांनी स्वतःच्या हातांनी भीमेत सोडले. माझ्या वडिलांना, आबांना, माझा हा नाद कधीच आवडला नाही. नोकरीसाठी बारामतीला खोली घेतली तेव्हा आबा माझ्याकडे राहायला आले. शनिवारी मी पिशवी उचलली की ते म्हणायचे, "आमी देव सोडलं आन् तू त्येंला डोळं लावत हिंडतीस." मी म्हणायचे, "आबा, मी पुजत न्हाय. भरतीय निस्तं." हे उत्तर मला फार बिनतोड वाटायचं.

माझी त्या खोलीतली जवळची मैत्रीण माळेगावची. नवरा कारखान्यात, घरचा ऊस, सासू करारी. ती बोलायला लागली की सुई हातातच राहायची. बंगल्याचं काम चालू होतं आणि दिवाणखान्यात लावायला तिने खिडकीएवढी गजलक्ष्मी भरायला काढली होती: मध्ये कमळावर देवी आणि दोन्ही बाजूंना सोंडेने पाणी घालणारे हत्ती. ती लोकर फार ओढून घ्यायची, त्यामुळे हत्तींची कातडी गोळा होऊन आली. ते दोन्ही हत्ती मी उसवले आणि पुन्हा भरून दिले. अख्खा उन्हाळा त्यात गेला. मग डोळे. शेवटचा टाका ओढला, खोली ओरडली, तिने मला मिठीच मारली. म्हणाली, "तुज्याबिगार आंधळीच राह्यली असती गं बया." त्या क्षणी मी खूप सुखी होते. हे लिहिताना राग येतो, पण होते.

वास्तुशांतीला गेले. लक्ष्मीला हार घातला होता. सासूबाई कौतुकाने मला हाताला धरून पाहुण्यांत फिरवत होत्या, "हिनं डोळं भरलं बरं का." फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "गाव कुठलं म्हणायचं?"

"डाळज."

"डाळजात कुणाच्यातल्या?"

आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ शाळेत जाण्याआधी कळतो. आडनावावरून जात कळत नाही, म्हणून बारामतीतल्या बऱ्याच घरांतून मी तशीच निसटून गेले होते, पण विचारल्यावर लपवायचं नाही ही आमच्या घरची रीत. म्हणाले, "बौद्ध."

"व्हय का," त्या म्हणाल्या. "बरं बरं. जेवून जावा हां."

आणि खरोखर जेवायला घातलं. पंगतीत सगळ्यांबरोबर बसवलं, पुरणपोळीवर स्वतः तूप सोडलं, निघताना ब्लाऊजपीस दिला. मी तरंगतच घरी आले. आबांना सांगितलं, "बघा, दिवस बदललंत." आबांनी एवढंच विचारलं, "पोळी चांगली व्हती का?"

त्यानंतर मैत्रीण दुकानात येईनाशी झाली. कधी उसाच्या लागणीचं निमित्त, कधी पाहुण्यांचं. मला वाटलं, नवं घर, नवा व्याप. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मीच माळेगावला गेले, न सांगता.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि थांबले. लक्ष्मी तिरळी झाली होती. एक डोळा दाराकडे, दुसरा टीव्हीकडे. आधी वाटलं, चौकटीत कॅनव्हास सरकला असेल. जवळ गेले. बुबुळांची लोकर वेगळी होती, टाके करकचून ओढलेले. ते टाके कोणाचे, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"चहा टाकती," मैत्रीण म्हणाली.

"कुणी उसवलं?"

ती पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मीच. सासूबाई म्हणल्या, पूजेतलं हाय. बाकीचं ऱ्हाऊ दे, डोळं तेवढं बदल." उसवताना कात्री जाळीच्या दोऱ्याला लागली, भोक फाटलं, म्हणून बुबुळ शेजारच्या भोकात सरकवावं लागलं, हेही तिने सांगितलं. कामातली अडचण सांगावी तसं.

"आन् हत्ती? हत्ती बी मीच भरल्यात की."

"हत्तीला कोण पुजतंय?"

ती हे कुत्सितपणे बोलली नाही. म्हणून ते जास्त लागलं. मी डबा टीपॉयवर ठेवला. ती दारापर्यंत आली. "तुज्याबद्दल माज्या मनात काय न्हाय गं."

"नसंल मनात. कात्री तर तुज्याच हातात व्हती की."

दुकानात मी कोणाला बोलले नाही. पण एका शनिवारी मैत्रीण स्वतःच आली, चादरीत गुंडाळलेली चौकट रिक्षातून उतरवून. लेकीला बघायला पाहुणे येणार होते आणि येणारा-जाणारा देवीकडे बघून हसत होता. तिने चौकट सतरंजीवर ठेवली, माझ्याशेजारी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भर की गं डोळं. सासूबाईस्नी न्हाय सांगायचं. मी म्हणंन, मीच नीट केलं."

खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या, पण डोळ्यांना झालं काय, असं कोणी विचारलं नाही. कोणाला काय माहीत होतं ते तेव्हा कळलं: सगळ्यांना सगळं माहीत होतं.

खरं सांगते, हात शिवशिवले. तिरळा डोळा समोर ठेवून गप्प बसणं मला जमत नाही. फाटलेल्या भोकाला मागून जाळीचा तुकडा लावला असता तर दुपारभरात देवी सरळ बघू लागली असती. मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्या बाजूने एक शब्द बोलल्या असत्या तर कदाचित मी भरलेही असते.

काकू म्हणाल्या, "घे की भरून. देवीकडं बघ, तिच्या सासूकडं कशाला बघतीस?"

"एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"म्हातारं माणूस हाय, चालायचंच," आणखी कोणीतरी.

ज्यांच्या ज्यांच्या देवांना मी डोळे दिले त्या सगळ्याजणी मला समजावत होत्या. मैत्रिणीला मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नाही. उसवणारी शहाणी आणि जिचं उसवलं ती आडमुठी! मग मीही मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भरती की. हितं, आत्ता भरती. सासूबाईस्नी घिऊन ये. त्येंच्या म्होरं भरती."

मैत्रिणीचा चेहरा पडला. तिने चादर पुन्हा देवीच्या तोंडावरून घेतली. "तू लई ताणतीस बाई," म्हणाली आणि चौकट उचलून गेली. दोघीजणी तिला हात द्यायला उठल्या.

आता मी लोकर घ्यायला जाते ती पुढच्या फळीशीच उभी राहते. काकू म्हणतात, "आत ये की." मी म्हणते, घाई आहे. परवा पैसे देत होते तेव्हा आतून आवाज आला, "बघायला लागली गं!" आणि टाळ्या. कोणीतरी दुसरीने डोळे भरले होते. मला इतका मत्सर वाटला की सुटे पैसे घ्यायचे राहून गेले.

हे सगळं आबांना सांगायला मी बरेच दिवस लावले. वाटलं, ते म्हणतील, सांगत नव्हतो का. ते तसं काहीच म्हणाले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग विचारलं, "हत्ती हायत का अजून तितं?"

"हायत की."

"ते आपलं हायत. जा, त्येवढं उसवून घिऊन ये."

मी हसले, आणि हसता हसता रडू आलं. आबांनी ते चेष्टेत म्हटलं की खरं, मी विचारलं नाही. पण माळेगावला जावं, कात्री घेऊन त्या दिवाणखान्यात उभं राहावं आणि माझे दोन्ही हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत उसवून पिशवीत घालून आणावेत, असं मला खरोखर वाटलं. अजूनही वाटतं.