बेंबीवरची टेप

कॅम्पातला हा शिंपी फौजींचे गणवेश शिवतो. कमरेचं माप आपण पट्टा बांधतो तिथं, पोटाखाली, तो घेतच नाही. टेप थेट बेंबीवर. तिथं माणूस हटकून श्वास धरून पोट आत ओढतो. मग हा सावकाश विचारतो, "अण्णा, तुमच्या उचगावात भात कसं हाय औंदा?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की पोट बाहेर, आणि याचा आकडा वाचून झालेला.

गेल्या वर्षी जुनी पँट सैल करायला नेली, तर पोट वाढलंय म्हणत त्यानं साफ नकार दिला.

"वजन तर तेवढंच हाय की माझं!" मी चिडलो.

"त्या दारात उभ्या सुभेदारांचं तुमच्यापरास जास्त हाय. पर त्येंचं दंडा-मांड्यांत, तुमचं सगळं पोटात. पँट ऱ्हाऊ द्या, डॉक्टरला दावा जावा."

रागारागानंच गेलो. साखर वाढायला लागली होती. तेव्हापासून रोज चालतोय.

परवा त्यानं पुन्हा टेप लावली, पण भाताचं विचारलंच नाही.

"आज विचारला न्हाईसा?"

टेप गळ्यात टाकत तो म्हणाला, "आज तुमी श्वास कुठं धरलाय?"