एकदाच सांगायचं

आमच्या घरात मोठ्या माणसाला कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची रीत होती. त्यानं ऐकलं तर ठीक, नाही तर गप्प बसायचं. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे उलट बोलणं. बाबा गेल्यावर ही रीत मी चालवली, आणि अगदी कडक चालवली. मास्तरकीचा माज, दुसरं काय! धाकट्यानं दुसऱ्यांदा तोंड उघडलं की त्याचा कान पिरगाळायचो.

तोच धाकटा हवाई दलात नेव्हिगेटर झाला. विमानात नकाशा घेऊन बसायचं आणि वाट सांगायची, हे त्याचं काम. पातूरच्या पोरानं विमानाला वाट दाखवायची म्हणजे काय! मी अकोल्यातल्या शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

चीनच्या लढाईनंतर तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याचं काहीतरी बिनसलं होतं. भाकर मोडता मोडता म्हणाला, "भाऊ, आधीचा कॅप्टन लई चांगला होता. म्हणे, मी चुकलो तर ओरडा, लाजू नका. आमचं विमान कधी वाट चुकलं नाई. हा नवा साहेब कोणाले बोलूच देत नाई. काय करू?"

"एकदा सांगाचं अन् मोकळं व्हाचं," मी म्हणालो. "मोठ्या माणसाले शिकवशीन काय?"

"बरं," म्हणाला.

चार महिन्यांनी तार आली. ढगात विमान डोंगरावर आदळलं होतं.

त्यातून वाचलेला वायरलेसवाला पुढं धाकट्याची पेटी घेऊन लंगडत घरी आला. माय आत चहा ठेवत होती. तो हिंदीत हळूच म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं, समोर डोंगर आहे, उजवीकडे वळा. साहेब म्हणाले, मला ठाऊक आहे. मग तो गप्प बसला. नकाशावर बोट ठेवून नुसता बसून राहिला. अजून एकदा बोलला असता तर साहेबांनी ऐकलं असतं हो!"



तो गेल्यावर मायनं विचारलं, "काय म्हने रे तो? वाट सांगाचं काम तं आपल्याच पोराचं होतं ना? त्याचंच चुकलं काय?"

खरं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. मी म्हणालो, "असंल, माय."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पुष्कळ वर्षं जगली बिचारी. शेजारणींपुढं डोळे पुसत म्हणायची, "माह्या लेकाचं चुकलं वं, त्याच्यापायी दुसऱ्याचे लेकरं गेले."

मी तिथंच बसलेला असायचो. एकदाही बोललो नाही.