हजेरीपटातलं नाव

सुमनताईंचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, आमच्या विधी महाविद्यालयात वर्गावर निघाले होते. "आप्पा गेले गं सकाळी. चहा मागितला, मी घेऊन येईपर्यंत..." पुढं त्यांना बोलवेना. आप्पांच्या म्हातारपणी ही लेकच त्यांच्याजवळ होती. मी वर्गात गेले, हजेरी घ्यायला लागले आणि तिसऱ्याच नावाशी थांबले. मुलांना सांगितलं, माझे गुरुजी गेले, आणि लातूरची एसटी धरली.

तसं पाहिलं तर बिराजदार आप्पांनी मला वर्गात एक दिवसही शिकवलं नाही. लातूरला कायदा शिकवून ते कधीच निवृत्त झाले होते. मी त्यांच्याकडे गेले ती एका कागदापायी. एलएल.एम. संपलं होतं आणि आदिवासी विद्यार्थ्यांना कायद्यात पीएच.डी. करण्यासाठी असलेल्या शिष्यवृत्तीच्या यादीत माझं नाव लागलं होतं. ती हुकली असती तर माझं शिक्षण तिथंच थांबलं असतं. हिमायतनगरजवळच्या आमच्या पारधी वस्तीवर एवढं शिकलेली मी पहिलीच, आणि बानं त्याच्या परीनं होतं तेवढं केलं होतं. आता एकच अट उरली होती, जात वैधता प्रमाणपत्राची. त्यासाठी आजोबांच्या काळातला पुरावा हवा. आजोबा ना शाळेत गेलेले, ना त्यांच्या नावावर शेत. खेटे घालून मी त्यांच्या गावच्या निजामाच्या काळातल्या कागदांच्या नकला मिळवल्या, तर सगळं उर्दूत. मुदतीला तीन आठवडे राहिले होते. तेव्हा कुणीतरी आप्पांचं नाव सांगितलं. त्यांची पहिली अक्षरओळख निजामाच्या राजवटीतल्या शाळेत उर्दूतून झाली होती, आणि पुढं जुने कागद वाचून वाचून त्यांनी ती जपली होती.

ओसरीत बसून, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात भिंग, आप्पा एकेक पान वाचत गेले. दुपार कलली. एका पानावर ते थांबले.

"आजोबाचं नाव काय म्हणालीस?"

"रामा. रामा वल्द भिवा."

"हाय," ते म्हणाले. मी जागेवरून उठलेच. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "माय, कागद पोलिसाचा हाय. हजेरीपट."

त्या काळी आमची जमातच जन्मानं गुन्हेगार धरली जायची. काही केलेलं असो वा नसो, माणसानं चौकीत जाऊन हजेरी द्यायची. आजोबांच्या नावापुढं जमात लिहिली होती, पारधी. मला हवं होतं ते बरोबर तेवढंच... आणि ते या कागदावर! मी म्हणाले, "आप्पा, हे मी कुणाला दाखवणार न्हाई. राहू द्या शिष्यवृत्ती."

आप्पांनी वाद घातला नाही. सुमनताईंना ताट वाढायला सांगितलं. मी चार घास खाल्ल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आजोबानं काय केलतं गं? रोज जाऊन उभा राहिला, दुसरं काय. लाज वाटायची तर लिहिणाऱ्याला वाटू दे. त्याला बांधून ठेवायला लिहिलेला कागद हाय हा. त्याच्यावरच तू सुट."

मी रडले. मग हो म्हणाले. पण त्यांचं एवढ्यावर भागलं नाही. "रीतसर भाषांतर मी करून देतो. पर जात पडताळणी समितीपुढं तू स्वतः वाचायचं. माझ्या तोंडून कशाला?" सुनावणीपर्यंतचे दोन आठवडे मी त्यांच्याच घरी राहिले आणि अलिफ, बे, पे गिरवत बसले. चुकले की आप्पा नुसते खाकरायचे.

समितीतल्या एका बाईंनी विचारलंच, "यात तुमच्या आजोबांचं नाव नेमकं कुठं आहे?" मी बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडं वाचत गेले. नाव, बापाचं नाव, जमात. कुठंही अडखळले नाही. प्रमाणपत्र मुदतीत मिळालं. शिष्यवृत्ती मिळाली, आणि प्रबंधही पुढं असल्याच हजेरीपटांवर लिहिला. आजोबांच्या त्या पानाची नक्कल मी वस्तीवर बाला दाखवली. त्याला वाचता येत नाही. त्यानं विचारलं, "माझ्या बाचं नाव कुठंशी हाय?" मी त्याचं बोट धरून तिथं ठेवलं. ते त्यानं बराच वेळ उचललं नाही. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते धोतराच्या सोग्यानं भिंग पुसत राहिले...

मागच्या रविवारी लातूरला सुमनताईंना भेटायला गेले. आम्ही ओसरीत बसलो होतो, तोच चाकूरकडची एक बाई पिशवीत जुने उर्दू कागद घेऊन दारात आली. "आप्पा हायत का? कागुद वाचून घ्यायचा व्हता, आज्याचं नाव हुडकायचंय." तिला काहीच ठाऊक नव्हतं. सुमनताईंनी सांगितलं, तशी ती उंबऱ्यावरच टेकली. थोड्या वेळानं पदर सावरून उठली आणि जायला निघाली.

"द्या इकडं, मावशी," मी म्हणाले.

सुमनताईंनी न सांगता आतून भिंग आणून दिलं. अक्षर फार गिचमिड होतं. दुसऱ्या ओळीत मी अडले आणि सवयीनं मान वर केली. समोर आप्पांची रिकामी बैठक.

"लागलं का गं नाव?" बाईनं विचारलं.

"लागंल, मावशी. बसा निवांत," मी म्हणाले, आणि ओळ पुन्हा उजवीकडून धरली.