नाव न घेता

चामराजपेटेतल्या आमच्या शेजारच्या अण्णांनी घुबडाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. कन्नडातलं 'गूबे'सुद्धा नाही. 'ते' म्हणायचे, आणि कानाच्या पाळीला हात लावायचे. एवढी भीती, तरी रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून बन्नेरघट्ट्याच्या रानात त्यालाच बघायला न्यायचे. नव्वदच्या दशकात घरांचे नवे लेआउट पसरत होते, रान आटत होतं.

एकदा तिथं ढोलीच्या जुन्या झाडाला माणसं कुऱ्हाड लावत होती. अण्णा धावले. "गूबे! आत गूबे आहे! झाड पाडलंत तर ते राहायला तुमच्या घरी येईल!"

माणसं कुऱ्हाडी उचलून निघून गेली.

अण्णांचा हात कानाच्या पाळीकडं गेला. "नाव घेतलं मी," ते म्हणाले. "आता माझ्याकडं आलं, तर येऊ दे. माळ्यावर स्वल्प जागा आहे."